बाहेरून कल्हई

चुलता वेगळा निघाला तेव्हा वाटणीत म्हैस आमच्याकडे आली आणि भांडी त्याच्याकडे गेली. आमची आई, अव्वा, रडली, पण अप्पा म्हणाले, भांडी काय दूध देतात का? त्याच उन्हाळ्यात म्हैस मेली. चुलत्याची भांडी अजून आहेत. मागे त्याच्या नातवाकडे गेलो होतो, तर आमच्या आजीच्या घंगाळात त्यांनी शोभेचं झाड लावलंय. चहा घेतला आणि आलो.

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि थोडं अंगण. एका अंगाला तानूबाईचं घर. तिचा नवरा गिरणीत, मीही त्याच गिरणीत सूतखात्यात. दुसऱ्या अंगाला लक्ष्मम्मा, तेलुगू विणकरांचं घर. त्यांचा माग दिवसभर खटक-खटक चालायचा. तो बंद पडला की आम्हाला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. पहाटे गिरणीचा भोंगा, मग अव्वाच्या भाकऱ्यांचा थापटा, मग खलबत्त्यात शेंगा कुटायचा आवाज. शेंगांची चटणी तेल सुटेपर्यंत कुटायची, नाहीतर ती चटणी नव्हे, भुसा, असं अव्वाचं म्हणणं. अव्वा देवाशी कानडीत बोलायची, बाजारात मराठीत बोलायची, आणि लक्ष्मम्माशी भांडायची ती भाषा दोघींची नव्हती. तरी एकमेकींना शिव्या बरोबर कळायच्या. संध्याकाळी पुन्हा दोघी एकाच ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. अप्पा अडत दुकानात मापाडी. सगळ्या जगाचं धान्य मोजून घरी आले की भाकरी मात्र मोजून मिळायची, म्हणून जरा चिडके.

त्या वेळी मुलीकडची माणसं आधी घर बघायला यायची, आणि घर बघायचं म्हणजे मांडणी बघायची. भिंतीला लाकडी फळ्या, त्यांवर ओळीनं हंडे, घागरी, पातेली, तांबे. मुलगा काणा असला तरी चालायचा, मांडणी भरलेली पाहिजे. आमची मांडणी म्हणजे म्हातारपणातलं तोंड. इकडं एक, तिकडं एक. दोन सोयरिकी अशाच परत गेल्या होत्या. पहिल्या वेळी अव्वानं भांडी लांब लांब मांडली, म्हणजे फळी भरल्यासारखी दिसेल. दुसऱ्या वेळी तिनं मधल्या जागांवर माझे धुतलेले कपडे घड्या करून ठेवले. पाहुणी म्हणाली, ह्यांच्यात धोतरं शिजवून खातात वाटतं. ती गेली, आणि अव्वा दोन दिवस धोतराकडे बघून शिव्या देत होती.

तिसरी सोयरीक आली ती महादेवीची, आणि ती मोडली असती तर मी घर सोडून गेलो असतो. बोलायला सोपं, जाणार कुठे होतो? पण तेव्हा तसं वाटत होतं. तिला मी गड्ड्याच्या जत्रेत पाहिलं होतं. पाळण्यात बसली होती आणि पाळणा थांबला तरी उतरत नव्हती. पाळणेवाल्यानं एक फेरा कमी दिला, असं तिचं म्हणणं. खाली माणसं ओरडत होती, तिचे वडील हात जोडत होते, आणि ही बाई दांडी धरून बसलेली. शेवटी त्यानं एकटीसाठी पाळणा फिरवला. ती वर गेली आणि तिथून तिनं खाली सगळ्यांकडे असं बघितलं, जणू आम्हीच जत्रा होतो आणि ती बघायला आली होती. मी तिथेच ठरवलं. ते वडील म्हणजे मल्लप्पा. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून अप्पांच्या अडतीत तूर घेऊन यायचे, हे नंतर कळलं. मी अव्वाला सांगितलं, अव्वानं अप्पांना, अप्पांनी मल्लप्पांना. मल्लप्पा गरीब माणूस, हो म्हणाले. पण पोरीची आई नव्हती, आत्यानं वाढवलेली, आणि त्या घरात पारव्वा आत्याच्या शब्दापुढे कोणाचं चालत नव्हतं. आत्या म्हणाली, पोरगा शिकलेला आहे म्हणतात, बरं आहे, पण मी घर बघणार.

मी मराठी तिसरी शिकलो होतो. आमच्या बोळात तेवढं शिक्षण म्हणजे मामलेदार होण्यासारखंच.

अव्वानं भांडी मागून आणायची ठरवली. आमच्या जातीची घरं पलीकडच्या बोळात होती, पण तिथं मागायचं म्हणजे बातमी आपल्या आधी अक्कलकोटला पोचायची. म्हणून तिनं शेजार धरला. तानूबाईनं हंडा आणि घागर दिली, लक्ष्मम्मानं मोठी बोगुणी दिली, मागच्या अंगाच्या बाईनं तपेली दिली. अव्वाचा सोवळ्याओवळ्याचा हिशेब साधा होता. दुसऱ्यांची भांडी नुसती वर मांडायची, पाहुण्यांसाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवायची ती आपल्याच पातेल्यात. सगळं जमलं, आणि मग लक्षात आलं की प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं आहे. तेव्हा नावाशिवाय भांडं कोणी ठेवायचं नाही. लग्नाकार्यात भांडी गावभर फिरायची, परत यायला नाव लागायचंच. अव्वानं नावं भिंतीकडे फिरवली. पण तानूबाईचा नवरा पक्का संशयी. त्यानं हंड्याच्या चारी बाजूंना नाव घालून घेतलं होतं.

दोन दिवसांनी चाँदभाई कल्हईवाला बोळात आला. त्यानं आमच्या अंगणात खड्डा केला, भाता बसवला, कोळसे पेटवले. आधी तो भांड्यात वाळू घालून आत उभा राहायचा आणि भिंतीला हात टेकून कंबर गरागरा फिरवायचा. ते बघायला बाया कामं टाकून यायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. मग भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा. पांढरा धूर निघाला की सगळा बोळ खोकायचा. मग कथलाची कांडी फिरवायची, कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे पसरायची आणि पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज व्हायचा. आतून भांडं असं लख्ख निघायचं की माझी मिशीसुद्धा मला त्यात पहिल्यांदा दिसली.

अव्वा त्याला म्हणाली, आता बाहेरून पण दे. चाँदभाईनं भाता थांबवला.

"अव्वा, बाहेरसे कायकू? खाना अंदर पकता की बाहेर?"

"मला आवडतंय. आणि जाड दे. अक्षरं बुजली पायजेत."

"पितल का मूँ काला... नै, सफेद करते क्या?" असं काहीसं तो पुटपुटला. बरंच हो-नाही झालं. शेवटी अव्वानं त्याला शेंगापोळीवर तूप घालून दिलं, तेव्हा त्यानं हात चालवला. एकेक भांडं पालथं धरून बाहेरून कथील चढवलं. अक्षरं बुजली, पितळ बुजलं, सगळी भांडी पांढरीफटक. जाताना त्यानं सामान गाढवावर टाकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, कोई पूछा तो मेरा नाम नक्को लेना.

तानूबाईनं आपला हंडा बघितला आणि मटकन खाली बसली. नवऱ्याला काय सांगू, असं तिचं चाललं होतं. अव्वानं शपथ घातली की पाहुणे गेले की पुन्हा पिवळा करून देते. पण तानूबाईचा विश्वास उडाला होता. ती म्हणाली, पाहुणे आहेत तोवर मी तुझ्या स्वयंपाकघरातून हलणार नाही. लक्ष्मम्मानं ऐकलं आणि ती मागच्या दारात जागा धरून बसली. ती बसली म्हणून आणखी बाया आल्या. त्यांतल्या कित्येकींनी तर भांडी दिलेलीही नव्हती.

आता मी हे लिहितो आहे आणि धाकटी सून मधेच विचारून गेली, मामंजी, हसताय कशाला एकटे? मी म्हटलं, काही नाही, खोकला आला. बायकोला जाऊन वर्ष होत आलं. घरात मी हसलो की सगळी दचकतात.

पाहुणे आले. मल्लप्पा दारातच वाकून वाकून बसले. पारव्वा आत्या बसली नाही. उंच, हाडकुळी बाई, कपाळभर विभूती, कमरेला पानाची चंची. पान काढलं, चुना लावला, आणि मांडणीपुढे उभी राहिली. अप्पा पाऊसपाण्याचं बोलत होते, ते बंद झालं. मी खाटेच्या कडेला टोपी सारखी करत बसलो होतो. आतून खपली गव्हाच्या हुग्गीचा वास येत होता आणि बायांचं कुजबुजणं. आत्यानं पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत बघितलं. मग पान तोंडात टाकलं आणि भावाकडे वळली.

"मल्लप्पा, समदं जर्मनचं हाय की रं."

आजच्या पोरांना सांगायला पाहिजे. ॲल्युमिनियमला तेव्हा जर्मन म्हणायचे. ते नवंच आलं होतं, हलकं, पांढरं. खेड्यात त्याला काडीची किंमत नव्हती. त्यात शिजवलं की दात पडतात म्हणायचे. पितळ नाही म्हणून जर्मन, म्हणजे घराण्याचं दिवाळंच. आत्या पुढे सरळ म्हणाली की आमच्यात असल्या भांड्यात कुत्र्याला पाणी ठेवतात. मल्लप्पा उठायला लागले.

अव्वा सगळं सोसायची. सासू सोसली, वाटणी सोसली, म्हैस सोसली. पण तिच्या घरात जर्मन आहे हे ती सोसणार नव्हती. ती बाहेर आली, फळीवरून लक्ष्मम्माची बोगुणी ओढली आणि आत्याच्या हातात दिली. आत्याचा हात खाली गेला. जड हाय, म्हणाली, मग शिसं असंल. अव्वाचं डोकं फिरलं. तिनं चुलीजवळचं उलथणं आणलं आणि बोगुणीच्या पोटावर खरड खरड खरडलं. पांढरं निघालं, खाली पिवळंधमक पितळ. अव्वानं ते आत्याच्या नाकापुढे धरलं.

पण कथील खरडलं ते वरचं. अक्षरांच्या खाचांत बसलेलं निघालं नाही. पिवळ्यावर पांढरी शुभ्र अक्षरं उमटली. आधी कधी दिसली नसतील इतकी ठळक.

आत्यानं बोट ठेवून विचारलं, हे काय? अव्वा म्हणाली, नक्षी हाय.

"नक्षी कशाची? अक्षरं हायती. आमच्या मठातल्या पोथीत असलीच गोल गोल असत्यात." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पोरा, तू शिकलायस म्हणं. वाच."

मी बोगुणी हातात घेतली. अक्षरं तेलुगू. जिलब्या मांडल्यासारखी. वळवून बघितली, उलटी करून बघितली. मला येत नाही, म्हणालो. आत्याला तेलुगू काय नि कानडी काय, दोन्ही गोलच दिसत होती. तिनं हळूच मान हलवली आणि भावाला म्हणाली की घरात भांडी कसली ते कळंना, आणि पोरगा तर अंगठेबहाद्दर. खोटं सांगून सोयरीक करत्यात ही माणसं. चल, ऊठ.

मल्लप्पा उठले. चपला घालायला लागले. मला तो पाळणा दिसला, वर गेलेला, आणि तो आता खाली येणार नव्हता. मला एवढंच समजलं की मी शिकलेला आहे हे दाखवलं नाही तर ही बाई दारातून गेली. अव्वाच्या हातातलं उलथणं मी हिसकावलं, फळीवरचा हंडा खाली घेतला आणि खरडायला लागलो. अव्वा माझा सदरा ओढत होती. अप्पा देवाचं नाव घेत शिवा, शिवा म्हणत होते. मी ऐकलं नाही. पांढरी अक्षरं निघाली, आणि ही मराठी होती. मी उभा राहिलो, हंडा छातीशी धरला आणि शाळेत वाचायचो तसं एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं वाचलं.

"ता... नू... बा... ई."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आं? काय रं?"

आणि तानूबाई हात पुसत बाहेर आली.

शेजारचा माग थांबला होता, कारण मागावरची माणसं आमच्या खिडकीत होती. आत्यानं हंड्याकडे बघितलं, तानूबाईकडे बघितलं. मग बोगुणी उचलली आणि शांतपणे विचारलं, ही कुणाची? मागच्या दारातून लक्ष्मम्मा म्हणाली, "माझा हाय. माझा लग्नातला." तपेलीवाल्या बाईनं तर विचारायची वाट न बघताच आपली तपेली दाखवली. अव्वा भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घातलं. आत्यानं तिला एकच विचारलं, हुग्गी कशात शिजवली? अव्वा पदरातूनच म्हणाली, आमच्या पातेल्यात, गळ्यातल्या लिंगाची शपथ.

आत्या खाली बसली. आल्यापासून पहिल्यांदा. चंचीतून आणखी दोन पानं काढली, एक तानूबाईला दिलं.

"आमची थोरली पोरगी अशीच दिली," ती म्हणाली. "मांडणी वरपतोर भरल्याली. बघून माझं डोळं दिपलं. पोरगी तापानं फणफणली तवा शेजारच्या कुणी पाण्याचा तांब्या आणून दिला न्हाय. त्या घराचं कुणाशी पटतच नव्हतं." पान चघळत तिनं दारातल्या, खिडकीतल्या बायांकडे बघितलं. "हितं आख्खी गल्ली लग्नातली भांडी दिऊन वर राखण बसलीया."

तानूबाई म्हणाली, राखण कशाला, आमी सहज आलो होतो.

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. पोरगी देते, म्हणाली, पण एक गोष्ट. ही भांडी ह्यानं घासायची. ह्याच्या अव्वानं हात लावायचा न्हाय. पिवळी करून ज्याची त्याला द्यायची, मग मी टिळा लावायला येणार. वाचता येतंय तेवढं कळलं, घासता येतंय का बघू.

मग सगळ्यांनी हुग्गी खाल्ली. अव्वानं चार जणांची केली होती. बायका धरून घरात माणसं किती होती कोणास ठाऊक. अप्पांना भांडं पुसूनच मिळालं.

त्यानंतर मी गिरणीतून सुटलो की अंगणात बसायचो. राख, चिंच, वाळू, विटेची भुकटी, सगळं करून बघितलं. कथील सोडत नव्हतं. अव्वा पायरीवर बसून सांगायची, असं नव्हं, तळव्यानं, गोल. हात लावायला तिला बंदी, तोंडाला नव्हती. बोळातल्या बाया पाण्याला जाताना थांबायच्या आणि नवरी कुठंय विचारायच्या. गिरणीतली पोरं मला सूतखात्यात तानूबाई म्हणायला लागली. शेवटी चाँदभाईला दया आली. त्यानं भांडी तापवून कथील बरंचसं पुसून दिलं आणि बाकीचं मी घासलं. सगळं पिवळं झालं, पण अक्षरांतलं पांढरं निघेना. मी तानूबाईला भीत भीत हंडा दिला. तिनं उन्हात धरला, आणि तिला तो इतका आवडला की तिनं तो दारात मांडून ठेवला. पिवळ्यावर पांढरं नाव, लांबून वाचता येईल असं. आठवड्यात बोळातल्या सगळ्या बायांना तसंच नाव पाहिजे झालं. चाँदभाई पुढे ते सगळ्या पेठेत करून द्यायला लागला. कल्पना कोणाची, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

लग्न झालं. महादेवी आली. तिला आत्यानं सगळं सांगितलेलं होतं. पहिल्या सकाळी मला वाटलं, नवीन बायको आहे, लाजेल, खाली बघून बोलेल. तिनं आमचं घरचं पातेलं आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, आत्या म्हणत होती तुमचा हात चांगलाय. अव्वा हसायला लागली ती थांबेना. मी घासलं. काय करणार? तिनं उचललं, दाराशी जाऊन उजेडात आतून बघितलं आणि परत आणून दिलं.

"बुडाशी ऱ्हायलंय."

जन्मभर हेच. पोरं झाली, सुना आल्या, घरात स्टील आलं, घासायला बाई आली, तरी ते एक पातेलं माझ्याकडे होतं. मी घासायचं, तिनं उजेडात धरायचं, बुडाशी ऱ्हायलंय म्हणायचं. राहिलेलं असो वा नसो. कितीदा मी चिडलो, कितीदा पातेलं आपटलं. एकदा तर दिवसभर बोललो नाही. तिला काही फरक पडला नाही. शेवटी अंथरुणाला खिळली, डोळ्यांना दिसत नव्हतं, तेव्हा ती बोटं फिरवून बघायची.

सून म्हणते, मामंजी, ठेवा ते, मोलकरीण येईल. मी ठेवत नाही. रोज सकाळी घासतो, दाराशी नेऊन उजेडात धरतो. बुडाशी काही राहिलेलं नसतं. मग जरा वेळ तसाच उभा राहतो, आणि आत येऊन पुन्हा घासायला बसतो.